मल्हू गवा किती लोळतो?

एका जंगलात एक रहाट होता. जंगलात रहाट कुठून आला, असं विचारू नका. असले प्रश्न विचारणारी मुलं मोठेपणी तपासनीस होतात आणि मग त्यांना कुणी लग्नकार्याला बोलावत नाही.

तर रहाट होता. जंगल उंचावर आणि पाणी खोल विहिरीत. रहाट फिरला की भरलेली गाडगी वर येत, पाणी पाटात पडे आणि पाटापाटाने जंगलभर जाई. एक पाट हरणांच्या कुरणाकडे, एक हत्तींच्या डबक्याकडे, एक माकडांच्या आमराईकडे आणि एक सिंहमहाराजांच्या तळ्याकडे. महाराजांचा पाट जरा रुंद होता. महाराजांचं सगळंच जरा रुंद होतं.

रहाट एकच होता आणि तो ओढणारा गवाही एकच. त्याचं नाव मल्हू. त्याचा बाप हाच रहाट ओढायचा आणि बापाचा बापही.

मल्हू सगळ्यांना पाळीपाळीने पाणी द्यायचा. थोडा वेळ हरणांना, थोडा वेळ हत्तींना, मग माकडांना, मग महाराजांना, आणि पुन्हा पहिल्यापासून. एकाचा पाट बंद करून दुसऱ्याचा उघडायला दोन खेकडे नेमले होते. ते चिखलाचा बांध इकडून काढून तिकडे घालत, तेवढा वेळ मल्हू उभा राही. तेवढीच त्याची विश्रांती. उभ्या उभ्या दोन श्वास घ्यायचे, शेपटीने चार माश्या हाकायच्या, की खेकडा ओरडे, "हं, चला!"

बाकीचं जंगल सुखात होतं. एकजण राबत असला की बाकीच्यांना सुखात राहायला सवड मिळते.

पुढे महाराजांना मुलगा झाला. युवराजांसाठी वेगळं तळं खोदलं आणि त्याला वेगळा पाट काढला. मग राणीसाहेबांना वाटलं, आपल्यालाही केवड्याचं बन हवं. आणखी एक पाट निघाला. गवा मात्र एकच राहिला.

हळूहळू हरणांचं पाणी उशिरा यायला लागलं. हत्तींचं डबकं आटलं. माकडं तर ओरडायला कारणच शोधत असतात, त्यांना ते आयतं मिळालं. तक्रार दरबारात गेली.

"पाणी उशिरा का येतं?" महाराजांनी विचारलं.

खरं उत्तर अगदी सोपं होतं. महाराज, तुमचे पाट वाढले. पण हे बोलायला तोंड उघडावं लागतं, आणि सिंहापुढे तोंड उघडणाऱ्याची मान सिंहाच्या तोंडापासून फार लांब नसते.

दिवाण चिंतोपंत कोल्हे मात्र पुढे आले. "महाराज, गवा काम किती करतो आणि लोळतो किती, हे आधी मोजायला हवं. मोजल्याशिवाय काही कळत नाही."

दरबाराला हे फार आवडलं. मोजणी चालू असली की काहीतरी चाललंय असं वाटतं, आणि कुणाचा पाट बंद करावा लागत नाही.

काम मोजायला धवलशास्त्री बगळे नेमले. ते पाण्यात एका पायावर उभे राहत आणि पुढ्यात भोक पाडलेली करवंटी तरंगत ठेवत. करवंटी भरून बुडाली की एक घटका झाली. मल्हूची ओढ दीर्घ चाले, म्हणून त्यांना घटका सोयीची.

विश्रांती मोजायला टकोजी सुतारपक्षी नेमला. मल्हूची विश्रांती इतकी तोकडी, की तेवढ्यात करवंटीचा तळही ओला होईना. म्हणून टकोजी पळं मोजी. एका पळाला खोडावर एक टोच. मुलांनो, साठ पळांची एक घटका होते. तुमच्या आजोबांना हे ठाऊक होतं. दरबारात सगळे आजोबाच होते, पण तिथे आठवण ठेवायची पद्धत नव्हती.

बगळा आणि सुतारपक्षी यांच्यात अबोला होता. बगळ्याने एकदा माशाचे काटे टकोजीच्या झाडाखाली टाकले, तेव्हापासूनचा. दोघं संध्याकाळी वेगवेगळ्या वाटेने दरबारात येत, आपापला आकडा सांगत आणि तोंड फिरवून निघून जात.

दरबारासमोर मोठा काळा कातळ होता. चिंतोपंत त्यावर चुन्याने आकडे लिहीत. पहिल्या दिवशी त्यांनी लिहिलं:

काम अठ्ठावीस. विश्रांती एकशे वीस.

घटका की पळं, ते लिहिलं नाही. चिंतोपंतांचं म्हणणं असं, की शेपटी कोल्ह्याला शोभते, आकड्याला शोभत नाही. आकडा कसा सुटसुटीत हवा.

जंगल कातळासमोर जमलं आणि थक्क झालं. अठ्ठावीस काम आणि एकशे वीस विश्रांती! म्हणजे हा गवा एक वाटा काम करतो आणि चार वाटे लोळतो!

एक म्हातारा हत्ती तेवढा कान हलवत म्हणाला, "पण दिवस तर तीस घटकांचा असतो. ही बेरीज एकशे अठ्ठेचाळीस होते."

मग चिंतोपंत हसले. "हत्तीकाका, महाराजांच्या कारकिर्दीत दिवससुद्धा मोठे झालेत. एवढंही दिसत नाही का?"

दरबाराने जल्लोष केला. ज्यांना पंजे होते त्यांनी पंजे आपटले, ज्यांना खूर होते त्यांनी खूर. हत्तीनेही सोंड वर केली. म्हातारा असला तरी त्याला अजून जगायचं होतं.

त्या दिवसापासून मल्हूच्या दोन पेंढ्या कमी झाल्या. आळशाला कशाला हव्यात? शिवाय तो मोकळाच असतो असं ठरल्यावर सेनापती तरसांनी एक पाट मागितला, राजवैद्य अस्वलांनी एक मागितला आणि चिंतोपंतांनी लाजत लाजत स्वतःसाठीही एक मागितला.

मल्हूला कुणी काही समजावून सांगितलं नाही. पण रहाटावरून जाताना ससेसुद्धा विचारू लागले, "काय मल्हूदादा, झाली का झोप?"

पहिल्यांदा त्याला राग आला. मग लाज वाटली. मग तो स्वतःशीच विचार करायला लागला, आणि हे सगळ्यांत वाईट झालं. कातळावर लिहिलंय म्हणजे खरंच असणार. एवढे शहाणे लोक मोजतात. संध्याकाळी तो बायकोला म्हणाला, "येसे, मी लोळतो का गं?"

येसूने त्याच्या खांद्याकडे बघितलं. जू घासून घासून तिथली कातडी सोलली होती.

"लोळनाऱ्याचा खांदा असा आसतो व्हय?" ती म्हणाली.

"मंग एकशे वीस कसं आलं?"

"मोजनाऱ्यास्नी इचारा."

"त्ये चुकत्याल का? शास्त्री हाईत त्ये."

येसूने कपाळावर खूर मारून घेतला. शहाण्यांवर विश्वास ठेवणारा नवरा मिळाला की बायकोला दुसरं काही करता येत नाही.

पाट वाढले तशा पाळ्या वाढल्या. पाळ्या वाढल्या तसे खेकड्यांचे बांध वाढले. दर बांधाला मल्हूला उभं राहावं लागे, मग त्याची इच्छा असो वा नसो. महिन्याभरात कातळावर आकडा आला: काम सत्तावीस, विश्रांती एकशे ऐंशी.

"बघा!" चिंतोपंत कडाडले. "काम वाढवलं तर याने विश्रांतीच वाढवली! याला म्हणतात हाडाचा आळशी."

पाणी आणखी उशिरा येऊ लागलं. हत्ती पुन्हा कुरकुरले. येसूही दरबाराच्या दारात जाऊन उभी राहिली आणि मोजण्यात काहीतरी चुकतंय, असं जो भेटेल त्याला सांगत सुटली. तेव्हा चिंतोपंतांनी एक तज्ज्ञ बोलावला.

हे होते चक्रपाणी चक्रवाक. ते थंडीत उत्तरेकडून यायचे. लांबून आले होते म्हणून ते विद्वान होते. आठवडाभर त्यांनी पाहुणचार घेतला, महाराजांच्या तळ्यात पोहून घेतलं आणि मग दरबारात उभे राहून खोल आवाजात म्हणाले,

"एकजण घटकांत मोजतो, दुसरा पळांत. दोन्ही आकडे शेजारी लिहिता येत नाहीत. दोघांपैकी एकाने माप बदलावं."

मुलांनो, हे अगदी बरोबर होतं. तज्ज्ञांचं बरोबरच असतं, म्हणून तर त्यांचं काही करता येत नाही.

"कुणी बदलावं?" महाराजांनी विचारलं.

"तो निर्णय दरबाराचा. आम्ही फक्त सल्ला देतो," असं म्हणून चक्रपाणी उत्तरेकडे उडाले.

दरबाराने लगेच निर्णय घेतला. दोघांपैकी एकाने माप बदलावं, असा. आणि दरबार जेवायला उठला.

धवलशास्त्री त्या दिवशी एका पायावर उभं राहून बराच वेळ विचार करत होते. त्या टकोजीच्या टाळक्यात हिशेब शिरायचा नाही. आपणच मोठेपणा घ्यावा. त्यांनी आपल्या घटकांना साठाने गुणून पळं केली.

टकोजीही आपल्या ढोलीत विचार करत होता. हा एका पायावरचा साधू काही जागचा हलायचा नाही. आपणच पडतं घ्यावं. त्याने आपल्या पळांना साठाने भागून घटका केल्या.

एकमेकांना विचारायचा प्रश्नच नव्हता. काटे अजून झाडाखाली पडलेले होते.

दुसऱ्या सकाळी कातळावर आकडा झळकला:

काम सोळाशे वीस. विश्रांती तीन.

तुमच्या लक्षात आलंच असेल काय झालं ते. नसेल आलं तर वाईट वाटून घेऊ नका, तुम्हाला दरबारात नोकरी नक्की आहे.

महाराज आसनावरून उठून उभे राहिले. "सोळाशे वीस! काल सत्तावीस होते!"

"दुरुस्ती झाली, महाराज," चिंतोपंत म्हणाले. "आता खरं काम दिसायला लागलं. आपल्या राज्यात काम साठपट झालं!"

मग जो समारंभ झाला तो विचारू नका. महाराजांचा सत्कार चिंतोपंतांनी केला आणि चिंतोपंतांचा महाराजांनी. पलीकडच्या जंगलातल्या वाघाला मुद्दाम बोलावून कातळ दाखवला. वाघ जळफळला. तेव्हा महाराजांनी छाती फुगवून त्याला शब्द दिला, की पुढच्या पौर्णिमेपासून आमचा गवा तुमच्याही जंगलाला पाणी पुरवील, आमच्याकडे काही कमी नाही. मल्हूच्या गळ्यात झेंडूचा हार घातला. पेंढ्या अजून दोन कमीच होत्या, म्हणून मल्हूने तो हार खाल्ला.

"मल्हूदादा, सोळाशे वीस म्हणजे कमालच केलीत!" ससे म्हणाले.

मल्हूला काही कळेना. काल तो आळशी होता, आज पराक्रमी. रहाट तोच होता, खांदा तोच होता, आणि संध्याकाळी पाय तसेच थरथरत होते.

हार घातल्याच्या चौथ्या दिवशी ओढता ओढता त्याचा गुडघा टेकला. रहाट उलटा फिरला, दोन गाडगी फुटली. खेकडे ओरडले. मल्हू कसाबसा उठला आणि पुन्हा ओढू लागला. येसूने ते बघितलं. आता हा आणखी किती दिवस उभा राहील, याचा हिशेब करायला तिला ना करवंटी लागली ना टोच. वाघाचा पाट सुरू झाला की संपलं.

ती तडक टकोजीच्या झाडाखाली गेली. तिथले माशाचे काटे तिने खुराने उकरून पुरून टाकले. मग तळ्यावर जाऊन धवलशास्त्र्यांना म्हणाली, "शास्त्रीबुवा, काटं संपलं. आता त्या झाडाखाली चला आनि दोघं एकदाच बोला."

"आम्ही का जावं? त्याने यावं," बगळा म्हणाला.

"माझा धनी मरंल तवा येशीला का?" येसू म्हणाली.

बगळा खाली मान घालून गेला. बगळा मनाने वाईट नव्हता, फक्त शास्त्री होता.

झाडाखाली दोघं पहिल्यांदा समोरासमोर बोलले.

"मी पळं केली," बगळा म्हणाला.

"मी घटका केल्या," टकोजी म्हणाला.

मग टकोजीने खोडावर डोकं आपटून घेतलं. तसं तो रोजच आपटे, पण आज पोटतिडकीने.

"दोघांनी घटकाच धरायच्या," बगळा म्हणाला.

"धरल्या," टकोजी म्हणाला.

झाली दुरुस्ती. एवढीच होती. यासाठी उत्तरेकडून कुणाला आणायची गरज नव्हती, पण मग समारंभ कशाचा केला असता?

त्या संध्याकाळी येसू नवऱ्याला म्हणाली, "उद्या खरं दिसंल. महाराज काय आंधळं न्हाईत. निम्मं पाट बंद करत्याल बघा." मल्हूला कितीतरी दिवसांनी बरं वाटलं. आपण आळशी नव्हतो आणि पराक्रमीही नव्हतो, आपण नुसते थकलो होतो, हे कळल्यावर त्याला रडूच आलं.

सकाळी कातळावर आकडा होता: काम सत्तावीस, विश्रांती तीन. त्या कातळावर लिहिलेला तो पहिला खरा आकडा. बेरीज तीस. दिवस पुन्हा पूर्वीएवढा झाला होता.

महाराजांची गर्जना ऐकून झाडांवरची पाखरं उडाली.

"सोळाशे वीसचे सत्तावीस? एका रात्रीत? आणि मी वाघाला शब्द देऊन बसलोय!"

धवलशास्त्री पुढे झाले. "महाराज, ती चूक होती. आम्ही दोघांनी..."

"चूक?" चिंतोपंतांनी त्यांना अडवलं. "चूक तर मागेच दुरुस्त झाली. तिचा समारंभ झाला, सत्कार झाला, जेवणं झाली. सत्कार झालेली चूक पुन्हा कशी निघेल, शास्त्रीबुवा?"

बगळ्याने वर घेतलेला पाय तसाच ठेवला. टकोजी पानाआड सरकला.

मग आकडा बघायला आलेला मल्हू पुढे आला. दरबारात तो आयुष्यात पहिल्यांदाच बोलत होता.

"महाराज, दिवसच तीस घटकांचा हाय. म्या दिस उगवल्यापासनं मावळंपतूर न थांबता वढलं, तरी तीसच व्हत्यात. सोळाशे वीस कुठनं आनू?"

"मग कालपर्यंत कुठून आणलेस?" चिंतोपंतांनी विचारलं.

दरबाराला उत्तर लागत नव्हतं.

महाराजांनी हुकूम सोडला. "आजपासून याची विश्रांती बंद. कातळावर विश्रांती शून्य दिसली पाहिजे. काम सोळाशे विसावर येईपर्यंत याला उभं राहू देऊ नका."

त्या दिवशी खेकडे बांध बदलत असतानाही मल्हूला रहाट ओढावा लागला. पाणी चिखलात वाहून गेलं. ते कुणी मोजत नव्हतं.

दिवस मावळला. मल्हू जुवाखालून बाहेर पडला, पण रोजच्यासारखा खाली बसला नाही. उभाच राहिला. बापाने झिजवलेलं ते जू त्याने एकदा हुंगलं. त्याला हरणांचं वाईट वाटलं, म्हाताऱ्या हत्तीचं वाटलं, सशांचंसुद्धा वाटलं. मग खांद्यावर माशी बसली आणि सोललेली कातडी हुळहुळली. तेव्हा त्याला स्वतःचंही वाईट वाटलं. हे त्याने याआधी कधी केलं नव्हतं.

"येसे," तो म्हणाला, "चल."

"कुठं?"

"जिथं रहाट न्हाई तिथं."

जाताना तो महाराजांच्या तळ्यावर थांबला. जन्मभर ते तळं त्याने भरलं होतं, पण त्यातलं पाणी कधी चाखलं नव्हतं. तो पोटभर प्याला. येसूही प्याली. मग दोघं डोंगराच्या पलीकडे उतरले. पुढे ती दोघं सुखात राहिली म्हणतात. तिथे त्यांना कुणी मोजत नाही, त्यामुळे खात्रीने सांगता येत नाही.

दुसऱ्या दिवशी रहाट हलला नाही.

संध्याकाळी धवलशास्त्री दरबारात आले. "काम शून्य."

टकोजी आला. "गवाच जाग्यावर नाही, तर विश्रांती कुणाची मोजू? विश्रांतीही शून्य."

चिंतोपंतांनी दोन्ही शून्यं छान गोल काढली, चार पावलं मागे सरून ती निरखली आणि हर्षाने महाराजांकडे धावले.

"महाराज, अभिनंदन! हुकमाची अंमलबजावणी झाली. विश्रांती शून्य!"

महाराज आटत आलेल्या तळ्याच्या काठावर बसले होते. काठाच्या चिखलाला भेगा पडायला लागल्या होत्या. पलीकडच्या जंगलातून वाघाचा जासूद येऊन उभा होता आणि शब्दाची आठवण करून देत होता. महाराजांनी कातळाकडे बघितलं. इतक्या दिवसांत कुणी विचारला नव्हता तो प्रश्न त्यांनी पहिल्यांदा विचारला.

"चिंतोपंत, कामाचं हे शून्य घटकांचं आहे, की पळांचं?"

दरबार विचारात पडला. प्रश्न खरोखरच अवघड होता. उत्तरेकडे तातडीने निरोप धाडण्यात आला.

तात्पर्य: मुलांनो, आकडा खोटा असला तरी चालतो, पण तो कालच्यापेक्षा मोठा असावा. खोटा आकडा खरा करायची हौस असेल, तर आधी आपल्या गव्याला निरोप द्यावा आणि मगच चुना हातात घ्यावा.